यव्हॉन ब्रिल यांचा मृत्युलेख

कॅनडातल्या विनिपेगमध्ये एक मुलगी होती. नाव यव्हॉन. आईवडील बेल्जियमहून येऊन तिथे स्थायिक झालेले. मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं. पण मॅनिटोबा विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना मैदानी शिबिरात राहावं लागे आणि तिथे मुलींच्या राहण्याची सोय नव्हती. सोय करण्याऐवजी विद्यापीठाने मुलीलाच नकार दिला. मग ती गणित आणि रसायनशास्त्र शिकली, १९४५ साली पदवी घेतली आणि कॅलिफोर्नियातल्या डग्लस एअरक्राफ्ट कंपनीत लागली. त्या काळात अमेरिकेत रॉकेटविज्ञानात काम करणारी बहुधा ती एकटीच बाई होती.

पुढे लग्न झालं, ती यव्हॉन ब्रिल झाली. नवरा रसायनशास्त्रज्ञ. तीन मुलं झाली. संसार सांभाळून ब्रिलबाईंनी जे काम केलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अवकाशात सोडलेल्या उपग्रहाला चंद्र-सूर्याची ओढ हळूहळू जागेवरून सरकवत असते. त्याला परत जागेवर आणायला छोटे थ्रस्टर लागतात, थ्रस्टरना इंधन लागतं, आणि ते संपलं की बाकी यंत्रं धडधाकट असली तरी उपग्रह कामातून जातो. ब्रिलबाईंनी हायड्राझिन या एकाच इंधनावर चालणारा थ्रस्टर तयार केला. इंधनाच्या विघटनातून निघणारा वायू त्यात विजेने आणखी तापवला जातो, त्यामुळे तेवढ्याच इंधनातून जास्त रेटा मिळतो. वजन वाचतं, उपग्रहाचं आयुष्य वाढतं. या शोधाचं पेटंट १९७४ साली मिळालं, १९८३ मध्ये हे तंत्र उपग्रहावर बसून अवकाशात गेलं आणि पुढे दळणवळण उपग्रहांमध्ये रुळलं. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांना तंत्रज्ञानासाठीचं राष्ट्रीय पदक दिलं.

२७ मार्च २०१३ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, ब्रिलबाई न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे वारल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृत्युलेख छापला. त्याच्या पहिल्या वाक्यात काय होतं? बाई बीफ स्ट्रोगनॉफ फार छान करायच्या, नवऱ्याची नोकरी जिथे जाईल तिथे त्याच्या मागोमाग गेल्या, मुलांसाठी त्यांनी आठ वर्षं काम सोडलं. जगातली सर्वात चांगली आई, हे मुलाचे उद्गार त्याच्या लगेच पुढे. रॉकेट आलं दुसऱ्या परिच्छेदात, तेही ‘पण’ म्हणून.

वाचक खवळले. काही तासांतच इंटरनेटवरच्या लेखातून स्ट्रोगनॉफ काढलं गेलं आणि बाई कुशाग्र रॉकेटशास्त्रज्ञ होत्या हे पहिल्या वाक्यात आलं. नवऱ्यामागे जाणं आणि ती आठ वर्षं मात्र त्याच वाक्यात राहिली. वाचकांच्या बाजूने वृत्तपत्राची झाडाझडती घेणाऱ्या तिथल्या तेव्हाच्या संपादक मार्गारेट सलिव्हन यांनीही लिहिलं, की ज्या शास्त्रीय कामामुळे बाईंना या पानावर जागा मिळाली, त्याचंच मोल या मांडणीने कमी केलं.

लिहिणाऱ्याला बाईंचा अपमान करायचा नव्हता, हे मला मान्य आहे. त्याला कौतुकच करायचं होतं. आधी स्वयंपाकघर दाखवायचं आणि मग रॉकेट दाखवून वाचकाला चकित करायचं. पण चांगला स्वयंपाक करणारी बाई रॉकेट बनवू शकणार नाही, असं धरून चालल्याशिवाय वाचक चकित कसा होईल? दोष एका पदार्थाच्या नावात नव्हता, इंट्रोच्या सगळ्या रचनेत होता. म्हणूनच ती दुरुस्ती मला अर्धवट वाटते.

ही खोड जुनी आहे. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ साली नोबेल मिळालं, तेव्हा ‘डेली मेल’ने मथळ्यात त्यांना ऑक्सफर्डची गृहिणी म्हटलं. आणि खोड दूरदेशचीच आहे असंही नाही. २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या तोंडावर भारताची कर्णधार मिताली राज हिला एका पत्रकाराने विचारलं, तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं, हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का?

ब्रिलबाई गेल्या त्याच महिन्यात, त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी, क्रिस्टी अ‍ॅशवांडन या विज्ञानपत्रकार बाईंनी एक कसोटी मांडली होती. अ‍ॅन फिंकबायनर या दुसऱ्या विज्ञानलेखिकेचं नाव तिला दिलं. शास्त्रज्ञ स्त्रीवर लिहिताना ती बाई आहे हे, नवऱ्याची नोकरी, मुलं कोण सांभाळतं, ती अमुक करणारी पहिली स्त्री, यातलं काहीही लेखात नको. ‘पहिली स्त्री’ पूर्ण गाळणं मला पटत नाही; विद्यापीठाने दार लावलं होतं हे सांगितल्याशिवाय ब्रिलबाईंची गोष्ट पुरी होत नाही. बाकीचा नियम मात्र प्रत्येक उपसंपादकाच्या टेबलावर असायला हवा.

आणि वाचकहो, असा इंट्रो आपल्या पेपरात दिसला तर पान उलटू नका, संपादकांना पत्र लिहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं वाक्य अर्धं का होईना बदललं, ते वाचकांनी लिहिलं म्हणून.