मुदतीची सोबत, बिनमुदतीची जबाबदारी

परदेशातल्या मराठी घरात दिव्यांग मूल असलं, की गावाकडून आजीला किंवा मावशीला बोलावून घ्या, हा सल्ला ठरलेला. पाठोपाठ आपल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुक होतं, व्हिसाच्या नियमांवर राग निघतो आणि चर्चा तिथेच संपते. वऱ्हाडाला माहेरच्या माणसांची ही ओढ नवी नाही. वर्धेकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथली पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, म्हणजे माहेरच लेकीच्या भेटीला निघतं. लेकीच्या बाळंतपणाला आई अमेरिकेत जाते तीही याच रीतीनं. पण भेट काय, बाळंतपण काय, दोन्हींत परतीचा दिवस ठरलेला असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा स्वमग्न मुलाच्या संगोपनात तो नसतो. एक मुदतीची सोबत आहे, दुसरी बिनमुदतीची जबाबदारी. आपण पहिलीची रीत दुसरीला लावतो आहोत.

कायदेही हीच गल्लत करतात. अमेरिकेचा बी-२ व्हिसा पाहुण्यांचा, एका खेपेला साधारण सहा महिन्यांचा. कॅनडाचा सुपर व्हिसा २०२२ पासून सलग पाच वर्षं राहू देतो, पण तो आईवडील आणि आजीआजोबांसाठीच. मावशी त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र देखभाल करणाऱ्या नातेवाइकासाठी वेगळा व्हिसा आहे आणि त्यात बहीण, मावशी, भाचीही येतात. तशी देखभाल तिथल्या इतर नातेवाइकांकडून किंवा सेवांतून मिळत नाही, हे दाखवावं लागतं. तत्त्व चोख आहे, पण रांग वर्षानुवर्षांची, आणि मूल तोवर थांबत नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र कराराच्या तेविसाव्या कलमानुसार, आईवडिलांना जमत नसेल तर मुलाची काळजी आधी विस्तारित कुटुंबात व्हावी, यासाठी सरकारांनी झटायचं आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या कराराला बांधील आहेत. अमेरिकेनं सही केली, मान्यता दिली नाही.

अशा नातेवाइकाला कामाचा परवाना आणि मोबदला हवा म्हटलं, की ‘मायेच्या माणसाला परवाना कशाला आणि पैसे कशाला?’ हा आक्षेप आपल्याच घरांतून येतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. मायेबद्दल वाद नाही. पण रात्रीतून मुलाची कूस बदलणं, नळीतून भरवणं, झटका आल्यावर न घाबरता वेळ मोजणं हे शिकून करायचं काम आहे, आणि ते रोजचं आहे. कॅलिफोर्नियात आयएचएसएस या घरच्या घरी मदत पुरवणाऱ्या सरकारी योजनेतून नातेवाइकालाही या कामाचे पैसे मिळू शकतात. अट काम करण्याच्या परवानगीची. तिथल्या सरकारला पैशानं माया विटेल असं वाटलं नाही. पाहुणी म्हणून आलेल्या आजीकडे तो परवाना नसतो. मग तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, विमा, गावी अर्ध्यावर सुटलेली शेती यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. आणि बोलावणं बहुतेकदा बाईलाच येतं. विधवा किंवा एकटी असेल तर ‘तिला तिथे काय काम आहे’ म्हणून हमखास. मायेच्या नावाखाली हे काम फुकट मागणं हा अन्याय आहे. यावर ‘मग मूल घेऊन परत या’ म्हणणारे तिथले उपचार आणि शाळा सोडायला सांगतात, एवढंच.

खरा आक्षेप वेगळा आहे: बिनमुदतीची जबाबदारी म्हणजे त्या मावशीला जन्मभराची कैदच नाही का? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. शंकरबाबा पापळकरांनी तिथल्या आपल्या संस्थेत बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना संस्थेतच राहू देणारा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. मुदत उठवायची ती मुलाच्या आधारावरची. सांभाळणाऱ्या एकाच माणसाला आयुष्यभर जुंपावं, असा या मागणीचा अर्थ नाही. परदेशात गेलेल्या मावशीलाही राहण्याच्या आणि कामाच्या हक्काइतकाच थकल्यावर परतण्याचा हक्क हवा, आणि ती परतली की दुसऱ्या नातेवाइकाला पुन्हा शून्यापासून रांगेत उभं राहावं लागू नये.