लाटेकडे तोंड करून

सावकाश बसा. श्वास आहे तसाच चालू दे. समोर समुद्र आणायचा आहे, पण आधी होडी बघा.

तिची लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर. वर छप्पर नाही, आत खोली नाही. बसल्या जागेवरून हात बाहेर सोडला की बोटं पाण्याला लागतात. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली ही वेफेअरर, शिडाची उघडी होडी. अशाच एका होडीतून, ‘वाँडरर’मधून, इंग्लंडचे फ्रँक डाय एका साथीदाराबरोबर १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलँडला गेले. पुढच्या वर्षी नॉर्वेला. ती होडी आज फाल्मथच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आता त्या दुसऱ्या प्रवासात उतरा. उत्तरेकडचा समुद्र, चारही बाजूंना पाणीच. वारा वाढतोय. ब्यूफर्ट मापावर नऊ, म्हणजे ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या वर. मनात पहिली ओढ कसली उठते, ते पाहा. किनारा गाठावा, हीच ना? ती ओढ दाबू नका, फक्त तिच्यामागे जाऊ नका. तळ उथळ होत जातो तशा लाटा उंचावतात आणि फुटतात. इतक्या लहान होडीला वादळात किनाऱ्याचीच भीती जास्त.

म्हणून शिडं उतरवा. वाऱ्याला धरायला काही उरू नये म्हणून डोलकाठीही आडवी करा. आता कापडी नांगर घ्या. तो तळाला पोचत नाही, पोचायचाही नसतो. नरसाळ्याच्या आकाराची ही पिशवी लांब दोराला बांधून पुढून पाण्यात सोडायची. वारा होडीला मागे ढकलतो, पाण्यानं भरलेली पिशवी सहज सरकत नाही, दोर ताणला जातो आणि होडीचं तोंड लाटेकडे राहतं. होडी आडवी झाली तर लाट तिला उलथून टाकेल.

इथं थोडं थांबा. डाय यांच्याविषयी बोलताना लोक होडी उलटल्याचं सांगतात. ती उलटली, एकदा नव्हे, चारदा. डोलकाठीही मोडली. पण माझं मन त्याआधीच्या तासांपाशी रेंगाळतं. कष्टानं कापलेलं अंतर होडी थोडं थोडं परत देत असते आणि आतली माणसं ते देऊ देतात. पुढे जाणं थांबवायचं, तोंड मात्र फिरवायचं नाही. याला मी हार म्हणणार नाही. समुद्राची इतकी नेमकी समज मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

आत पाणी आलंय. बादली भरा, ओता. श्वास तिच्याबरोबर चालू द्या. पुढची लाट केवढी असेल, हा विचार येईल. येऊ दे. हात थांबवू नका. पुन्हा भरा, पुन्हा ओता. भीती जाणार नाही, तिनं जायलाही नको. दोर कुठं घासतोय याकडे तीच लक्ष ठेवते.

वारा पडला तरी लाटा लगेच बसत नाहीत. उठायची घाई करू नका. दोर तपासा. पोटात काहीतरी घाला, साथीदारालाही द्या. तुटलेल्या काठीचं काय वापरता येईल ते पाहा. मग होकायंत्र उघडा. नॉर्वे अजून पूर्वेला आहे.