दुसरा घाव कोणाच्या खात्यावर?

ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून मुलाच्या डोळ्यात गाठ झाली का, असं विचारणाऱ्या बायका आजही माझ्याकडे येतात. मी पुण्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, झालेल्या लहान मुलांचे आईवडील समोर बसतात आणि मी कागदावर त्यांच्या घराण्याची वंशावळ काढते. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. कोणाच्या सासूबाईंना ग्रहणाची आठवण झालेली असते, कोणाला पितृदोष सांगितलेला असतो आणि आधी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करायचा असतो. नोकरी करणारी शिकलेली आई तेच वेगळ्या शब्दांत विचारते, ‘गरोदरपणात मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे, त्याने तर नाही ना?’ आपल्या हातून काय घडलं, हे त्या सगळ्यांनाच हवं असतं.

या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणून झटकणं मला कधी जमलं नाही. माझे वडील, अण्णा, वाईच्या आसपासच्या गावांत कीर्तन करत. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द मी बाराखडीबरोबरच ऐकले. मागच्या जन्मांची साठवण ते संचित, त्यातलं या देहाच्या वाट्याला आलेलं ते प्रारब्ध, आणि आज आपण करतो ते क्रियमाण. अण्णा म्हणायचे, माणूस दुःख सोसतो, पण विनाकारण आलेलं दुःख त्याला सोसत नाही. ‘भोग आहेत’ म्हटलं की निदान जगाला काही नियम आहे असं तरी वाटतं. हे म्हणणं खोलवरचं आहे. म्हणूनच त्याला उत्तर द्यायचं तर ते तितक्याच गांभीर्याने द्यायला हवं, आणि ते मला एका अमेरिकी बालरोगतज्ज्ञाच्या जुन्या शोधनिबंधात सापडलं.

आल्फ्रेड नुडसन यांनी आधी वैद्यकाची पदवी घेतली आणि मग आनुवंशशास्त्रात डॉक्टरेट केली. १९७१ साली त्यांनी ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या अठ्ठेचाळीस मुलांच्या नोंदी मांडल्या. १९४४ ते १९६९ या काळात तिथे रेटिनोब्लास्टोमावर उपचार झालेली ही मुलं. तेवीस जणांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, पंचवीस जणांच्या एकाच डोळ्यात. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. कोणत्या मुलाचं निदान कितव्या महिन्यात झालं, एवढीच माहिती घेऊन त्यांनी आलेख काढले. दोन्ही डोळ्यांच्या मुलांची रेषा सरळ उतरत गेली. एका डोळ्याच्या मुलांची आधी रेंगाळली आणि मग वाकून खाली आली. सरळ रेषेचा अर्थ असा की या मुलांमध्ये आता एकच घटना घडायची शिल्लक आहे. वाकलेल्या रेषेचा अर्थ, दोन घटना घडाव्या लागतात.

यातून त्यांनी जे अनुमान काढलं ते आज ‘दोन घावांचा सिद्धांत’ म्हणून ओळखलं जातं. पेशीला बेसुमार वाढण्यापासून रोखणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही बिघडल्या की पेशी मोकाट सुटते. काही मुलं पहिला घाव घेऊनच जन्मतात, तो त्यांच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. दृष्टिपटल घडताना लाखो पेशी विभागत असतात, त्यांतल्या एखादीत दुसरी प्रत बिघडणं जवळजवळ ठरलेलंच. म्हणून त्यांना लवकर, आणि बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात. बाकीच्यांच्या बाबतीत दोन्ही घाव गर्भधारणेनंतर एकाच पेशीवर पडावे लागतात. हे क्वचितच घडतं, म्हणून गाठ उशिरा होते आणि एकाच डोळ्यात. त्या वेळी हे जनुक कोणी पाहिलेलंही नव्हतं. १९८३ मध्ये कॅव्हेनी, व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींमधल्या तेराव्या गुणसूत्रावर दुसरी प्रत खरोखर नाहीशी होते हे दाखवलं आणि १९८६ मध्ये ते जनुक हाती लागलं. कर्करोग रोखणारं, वेगळं काढता आलेलं ते पहिलं जनुक. कागद-पेन्सिलीने केलेलं अनुमान पंधरा वर्षांनी खरं ठरावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अण्णांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ‘अगं, पहिला घाव म्हणजे प्रारब्ध आणि दुसरा म्हणजे क्रियमाण!’ इतकं नेटकं जुळतं की मोह होतोच. अशी जुळणी करून टाळ्या मिळवणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत. पण हे जुळत नाही, आणि का जुळत नाही यातच सगळं आलं.

आधी पहिला घाव घ्या. आनुवंशिक प्रकारातल्या बहुतेक मुलांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाच झालेला नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो, बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत. एका संचातली तीनशे कोटी अक्षरं उतरवताना कुठेतरी एक चूक राहून जाते. त्या बापाने काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, कोणाचा शाप घेतला नाही. आणि ही बातमी देताना मला विशेष जपावं लागतं, कारण इतके दिवस सुनेकडे वळलेली बोटं क्षणात मुलाकडे वळतात. बोट वळवायला जागाच नाही, हे मला त्याच बैठकीत सांगावं लागतं.

दुसरा घाव तर त्याहून निरपराध. नुडसन यांच्या हिशोबाने पहिला घाव घेऊन जन्मलेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात. सरासरी तीन, म्हणजे प्रत्येकाला तीन नव्हेत. अंगणातल्या शहाबादी फरशांवर पहिल्या पावसाचे थेंब पडतात तेव्हा एखाद्या फरशीवर पाच पडतात, एखादीवर दोन, आणि एखादी तशीच कोरडी राहते. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र या कोरड्या फरशांची संख्या सांगतं. सरासरी तीन असेल तर शंभरांत साधारण पाच. म्हणजे अगदी तोच पहिला घाव असलेल्या शंभर जणांत पाच जण दोन्ही डोळे शाबूत घेऊन आयुष्य काढतात, आणि आपल्या अंगात काय आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. मी काढलेल्या वंशावळींत असे आजोबा भेटतात. मुलीला आजार, नातवाला आजार, आणि ज्याच्याकडून तो त्यांच्याकडे आला तो हा माणूस ठणठणीत. त्याचं पुण्य जास्त होतं? ज्या बाळाच्या दोन्ही डोळ्यांत गाठी झाल्या त्याचं पाप जास्त होतं? हे सूत्र लावायला कोणाचं चारित्र्य माहीत असावं लागत नाही, आणि तरी ते बरोबर येतं. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कर्माचा हिशोब घातला असता आणि उत्तर बदललं असतं, तर मी अण्णांचं म्हणणं मान्य केलं असतं.

आपल्या परंपरेला हे अगदीच परकं आहे असंही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात भरद्वाज विचारतो की आंधळ्याचं मूल आंधळं का होत नाही. आत्रेय सांगतात की बीजाचा जो भाग दूषित असेल तेवढाच अवयव बिघडतो, एरवी नाही. चरकाला जनुकं माहीत होती असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांनी चरकाचं भलं केलेलं नाही. त्याच उत्तरात इंद्रियांच्या असण्या-नसण्याचं कारण दैव म्हटलं आहे, तेही लपवू नये. पण विमानस्थानात तोच ग्रंथ ठणकावतो की आयुष्य आधीच ठरलेलं असतं तर औषधाची गरजच नव्हती. दुबळ्या दैवाला बलवान पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मागे सारतो. बौद्धांच्या संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच येतं का. बुद्ध पित्त, कफ, वायू, ऋतुबदल अशी कारणं मोजत जातात. कर्मफळ त्यांत आठवं, शेवटचं. सगळं कर्मानेच होतं असं म्हणणारे स्वतःच्या अनुभवापलीकडे धावतात, असं ते म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोघांनाही मोकळं करतो. पुढे मात्र तो म्हणतो की देवाचं कार्य दिसावं म्हणून हे झालं, आणि तिथे मी थांबते. दोन वर्षांचं मूल कोणाचंही कार्य दिसावं म्हणून आंधळं होऊ नये.

मग कर्माला काहीच जागा नाही का? आहे, पण ती निकालाची नाही. रेटिनोब्लास्टोमातल्या याच जनुकाच्या प्रथिनाला गर्भाशयमुखाच्या पेशींत एचपीव्ही हा विषाणू पकडून ठेवतो आणि निकामी करतो. तिथे जनुक धड असतं, त्याचे हात बांधलेले असतात. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखावर बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत या विषाणूची एकदाच तपासणी आणि गरज तिथे उपचार झाले, तिथले या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. आता तर लसही आहे. तंबाखूचंही तसंच. मळून खाणाऱ्याला कर्करोग होईलच असं नाही, न खाणाऱ्याला होणार नाही असंही नाही, पण धोका मात्र कैक पटींनी वाढतो. कर्म शक्यता हलवतं. फळ वाढून देत नाही. म्हणून तोंडाचा कर्करोग झालेल्या शेतमजुरालाही ‘केलंस ते भोग’ म्हणायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. त्याच्या मुलाच्या हातातली पुडी काढून घ्यायचा मात्र आहे.

आणि पुरुषकार नेमका इथे लागतो. फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकली की त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. गाठ डोळ्यातच असताना पकडली तर मूल वाचतं, आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. ती डोळ्यामागच्या मज्जातंतूतून पुढे सरकली की गोष्ट फार अवघड होते. म्हणून नागबळीला मी नाही म्हणत नाही, पण आधी शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला लावते.

एवढ्याने अण्णांचा प्रश्न मिटला असता. पण एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याच्या लहानपणी दोन्ही डोळ्यांत गाठी झाल्या होत्या. एक डोळा काढला, दुसरा वाचला, त्या एका डोळ्यावर तो शिकला आणि नोकरीला लागला. त्यांना मूल हवं होतं. मी सांगितलं, दर खेपेला निम्मी शक्यता. गर्भात असताना तपासता येतं. तो बराच वेळ वंशावळीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे माझ्यासारखं मूल नको, असं मीच ठरवायचं?’ याला नुडसनच्या आलेखात उत्तर नाही. पहिला घाव कळला नव्हता तोवर ते फक्त घडणं होतं. कळल्यावर ते ठरवणं झालं. त्यांनी गर्भाची तपासणी नको म्हटलं. जन्मताच नाळेतलं रक्त तपासायचं आणि पहिल्या काही दिवसांतच डोळे पाहायला सुरुवात करायची, असं दोघांनी ठरवलं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘हे मात्र कर्म झालं हो.’ मी म्हटलं, झालं. पण उद्या त्या बाळाच्या डोळ्यात गाठ निघाली, तर ते या कर्माचं फळ म्हणायचं नाही, आणि नाही निघाली तरीही नाही. अण्णांना हे अजून पटलेलं नाही, आणि आमचा वाद चालू आहे.