रामाने निवडलेलं धान्य
कन्नड संतकवी कनकदासांच्या ‘रामधान्यचरिते’त तांदूळ आणि नाचणी मोठेपणावरून भांडतात. दोघांनाही सहा महिने कोंडतात. तांदूळ नासतो, नाचणी टिकते, राम तिला कौल देतो. आहाराचं पुण्य निव्वळ खाणाऱ्याच्या संयमात शोधणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. नाचणीतही पिष्टच, मधुमेह्याने तिच्या शिजवलेल्या गोळ्यांवर ताव मारू नये, हा आक्षेप रास्त. पण तो प्रमाणापुरता. खरा प्रश्न ती पिकवणाऱ्या रानाचा. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला नि शेताला प्लॉटचा भाव आला. सात्त्विकतेवर बोलणारा बंगळूरकर पाकिटातली नाचणी घेतो, ती पिकते कुठे हे विचारत नाही. त्याच देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टणच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून जुलै २०२५ मध्ये १,७७७ एकरांचं संपादन सरकारला मागे घ्यायला लावलं. माझ्या लेखी हाही आहारधर्मच.