महाग टोस्टरचे मोल आणि अपरिग्रहाचा विचार

गृहस्थाने एखादी वस्तू अधिक किंमत देऊन घ्यावी की नाही, हा प्रश्न वरकरणी निव्वळ हिशेबाचा वाटतो. परंतु वस्तू बाळगल्याने बाळगणाऱ्याच्या चित्तावर आणि इतर जीवांवर काय परिणाम होतो, याचा विचार भारतीय दर्शनांनी फार पूर्वीपासून केलेला असल्यामुळे टोस्टरसारख्या साध्या उपकरणाची खरेदीही त्या विचाराच्या कक्षेबाहेर राहत नाही.

जैन आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचारावरील, म्हणजे जैन गृहस्थाच्या आचारावरील, आपल्या ग्रंथात भोग आणि उपभोग असा भेद केला आहे. जी वस्तू एकदाच वापरून संपते तो भोग, जसे अन्न. आणि जी पुनःपुन्हा वापरली जाते तो उपभोग, जसे वस्त्र. या भेदाने पाहता भाजलेला पाव हा भोग ठरतो आणि टोस्टर हा उपभोग. भोगाच्या बाजूने महाग व स्वस्त यंत्रांत फारसे अंतर नसते, कारण दोन्हींत सहसा निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, तारच तापते. हा मिश्रधातू अल्बर्ट मार्श यांनी शोधला आणि १९०६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पावातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात उष्णतेने घडणारी, लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली प्रक्रियाच पावाला तांबूस रंग आणि खमंगपणा देते, आणि ती यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसते.

अंतर पडते ते उपभोगाच्या बाजूने. ब्रिटनमधील ड्युअलिट कंपनीचा क्लासिक टोस्टर स्वस्त टोस्टरच्या कित्येक पट महाग असतो. तो हाताने जुळवलेला असतो, त्याचा टायमर यांत्रिक असतो, आणि तापणारा भाग जळाल्यास तेवढाच बदलता येतो. याउलट बहुतेक स्वस्त टोस्टर दुरुस्तीचा विचार करून बांधलेले नसल्यामुळे एक भाग निकामी होताच संपूर्ण यंत्र भंगारात जाते.

हे अंतर तोलण्यासाठी योगसूत्रांवरील व्यासभाष्य उपयोगी पडते. अपरिग्रह, म्हणजे अनावश्यक वस्तूंचा स्वीकार न करणे, समजावताना भाष्यकार विषयांच्या, म्हणजे इंद्रियांना भोगता येणाऱ्या वस्तूंच्या, ठायी पाच दोष दाखवतात: वस्तू मिळवण्याचे कष्ट, ती राखण्याची चिंता, तिचा नाश, तिच्याविषयीची आसक्ती आणि तिच्यापायी घडणारी हिंसा. महाग टोस्टरमध्ये मिळवण्याचे कष्ट आणि आसक्ती हे दोष अधिक दिसतात, तर वारंवार टाकाव्या लागणाऱ्या स्वस्त टोस्टरमध्ये नाश आणि हिंसा हे दोष वाढत जातात. कारण प्रत्येक नव्या यंत्रासाठी पुन्हा धातू खणावा लागतो, आणि ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाच्या, खाणकामामुळे पाण्यात विषारी क्रोमियम मिसळल्याने त्या परिसरातील माणसांनी व जनावरांनी जे सोसले आहे, ते खरेदीच्या पावतीवर कधीच उमटत नाही. म्हणून स्वस्त ते निर्दोष, ही समजूत टिकत नाही.

तथापि, टिकाऊपणामुळे महाग वस्तू आपोआप योग्य ठरते असेही नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून मूर्च्छेत, म्हणजे ‘हे माझे’ या ममत्वाने येणाऱ्या बेभानपणात आहे. त्यामुळे चकचकीत यंत्र ओट्यावर मिरवण्यासाठी घेतले, तर ते पन्नास वर्षे टिकले तरी परिग्रहच ठरते. गृहस्थाकडून सर्वत्यागाची अपेक्षा नसते, पण परिमाणाची, म्हणजे स्वतः आखलेल्या मर्यादेची, अपेक्षा निश्चित असते; आणि मर्यादा खरेदीच्या आधी ठरवायची असते, नंतर समर्थनासाठी नव्हे.

यावरून निर्णयाचा क्रम स्पष्ट होतो. ज्या घरात पाव क्वचित भाजला जातो आणि तवा ते काम करतो, तिथे स्वस्त काय किंवा महाग काय, टोस्टरच अनावश्यक आहे. जिथे तो रोज वापरला जाईल, सुटे भाग मिळतील, दुरुस्ती करून घेण्याची तयारी असेल आणि त्यासाठी कर्ज काढावे लागणार नाही, तिथे दुरुस्त होणारा महाग टोस्टर घेणे योग्य आहे. या अटी पुऱ्या होत नसतील, तर अधिक किंमत केवळ ममत्वासाठी मोजली जाते, आणि अशी खरेदी गृहस्थाने टाळावी.