भाड्यानं दिलेलं खातं

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात परंपरेनं घरांना चौकटी असतात, दारं नसतात. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. चोरी करणाऱ्याला शनिदेव वेशीबाहेर जाऊ देत नाही, ही तिथली श्रद्धा. पण आताच्या चोराला वेशीत यावंच लागत नाही. २०२५ साली तर खुद्द देवस्थानाच्या नावानं बनावट ॲप काढून पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांकडे गेलं. पुढची गोष्ट त्याच पट्ट्यातली, मात्र रचलेली.

एका बिनदाराच्या घरात एक आण्णा राहत होते. घोडेगावच्या बाजारात कांदा विकून त्यांचे सत्तर हजार खात्यात जमा झाले होते. शनी अमावास्येच्या आदल्या दिवशी फोन आला. "काका, देवस्थानातून बोलतोय. घरबसल्या तैलाभिषेक, फक्त पाचशे एक. मोबाइलवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा." आण्णांनी सांगितले. साठ हजार गेले.

आण्णा ओट्यावर गप्प बसून राहिले. लोक काय म्हणतील, पोरगा काय म्हणेल, याचाच विचार. अशा प्रकरणात पैसे याच वेळात एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतात. चोराचं अर्धं काम आपली लाजच करून देते. शेवटी नातीनं त्यांचा चेहरा ओळखला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला. निम्मी रक्कम एका खात्यात अडकून गोठली. खातं निघालं राहुरीच्या एका कॉलेजातल्या पोराचं. त्यानं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम एका ओळखीच्याला देऊन टाकलं होतं, महिना पाच हजारांच्या बोलीवर.

अहिल्यानगरच्या सायबर पोलीस ठाण्यात दोघं समोरासमोर आले. आण्णांची मान खाली. पोरगा ताठ.

"म्याडम, चूक माझीच," आण्णा म्हणाले. "आकडे म्याच सांगितले. कुणी हिसकावून न्हाई नेलं."

"मी यांना ओळखतसुद्धा नाही," पोरगा म्हणाला. "फोन मी केला नाही, आकडे मी मागितले नाहीत. मी फक्त खातं दिलं."

निरीक्षक मॅडम आधी आण्णांकडे वळल्या. "न विचारता नेलं तर चोरी. खोटं सांगून तुमच्याच हातानं द्यायला लावलं तर फसवणूक. तिच्यात माणूस स्वतःच देतो, आण्णा. म्हणून तो गुन्हेगार होत नाही. खोट्याला भुलून दिलेल्या होकाराला कायदा होकार मानत नाही. वर मान करा."

मग त्या पोराकडे वळल्या.

"खात्यात महिन्याभरात किती आले?"

"बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

पोरगा गप्प.

"बँकेत खातं फुकट उघडतं ना? मग तुझंच खातं पाच हजार देऊन कुणी कशाला घेईल?"

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, म्हणूनच तो बोलेना.

फौजदारी कायदा हात काय करत होते एवढंच बघत नाही, मनाला काय ठाऊक होतं तेही विचारतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ नेमकं इथं लागतं. जुन्या दंडसंहितेत चोरीच्या मालाची व्याख्या होती, तिच्यात फसवणुकीनं मिळवलेल्या मालाचा उल्लेख नव्हता. नव्या कलमात तो आहे. असा माल ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला किंवा ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. 'बघितलं नाही' हा बचाव या 'मानायला कारण' पुढे टिकणं अवघड. फोन करणाऱ्या तोतयासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड वेगळं. तो तोतया सापडला नाही. अशा गोष्टींत बहुधा सापडतो तो खातेदार, कारण नाव आणि पत्ता त्याचाच असतो.

आण्णा बाहेर पडताना घुटमळले. "म्याडम, लेकरू हाये. माझे पैसे मिळत्याल, त्याला सोडा की."

"मला नाही सोडता येत. फिर्याद तुमची, पण खटला सरकार चालवतं. काय सांगायचं ते कोर्टात सांगा."

गोठलेले तीस हजार कोर्टाच्या हुकमानं आण्णांना परत मिळाले. पोरावर दोषारोपपत्र गेलं आणि त्याच्या तारखा सुरू झाल्या.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये १९३० हा क्रमांक आजच घालून ठेवा. आणि कॉलेजात जाणाऱ्या पोराला एकदा जवळ बसवून विचारा, बाबा, तुझं एटीएम कार्ड सध्या कुणाकडे आहे?