भोंगा आणि बुवा

परळ, मुंबई

चि. सोनूस,


गिरण्यांच्या एवढ्या कलकलाटात तुम्ही राहिलात कसे, असं विचारलंस. अगं, त्या आवाजावरच तर आमचं घर चालायचं! 1856 साली ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे परळ-लालबाग गिरण्यांनी भरून गेलं, त्याचं गिरणगाव झालं. कामगाराकडे घड्याळ कुठलं? पहिला भोंगा झाला की उठायचं, पुढच्याला फाटकात हजर. बायका भोंग्याच्या हिशोबाने चूल पेटवायच्या, डबे भरायच्या. झोपेतही आपल्या गिरणीचा भोंगा ओळखू यायचा.

आत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, मात्र शेजारच्याचं बोलणं कानी पडत नसे. विणकर हातवाऱ्यांनी बोलत, आणि कित्येक जण निवृत्त होईपर्यंत कानांनी अधू होत. त्या आवाजाचे गोडवे मी गाणार नाही.

आठवड्यातून एक दिवस भोंगा गप्प असे. तेही फुकट मिळालेलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे 1890 मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टीच्या आदल्या रात्री गिरणगाव गायला बसायचं. कोकणातले चाकरमानी डबलबारीला जमत. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, झांजा. एकाने भजनातून कोडं टाकायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे सोडवायचं. हरलेल्या बुवाची चर्चा आठवडाभर खात्यात. घाटावरच्यांना ढोलकी लागे, त्यांच्यासाठी तमाशाचे फड इथे मुक्कामाला येत.

याच श्रोत्यांसमोर 1944 पासून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. डफ आणि तुणतुणं जुनंच, पण अण्णाभाऊंच्या गणातलं, म्हणजे सुरुवातीच्या गाण्यातलं, वंदन गणपतीऐवजी मायभूमीला, आणि पुढे गोष्ट पगाराची, संपाची. अमर शेखांच्या पहाडी आवाजाला मैदानही अपुरं पडे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पत्रकांइतकीच या शाहिरांनी घरोघर नेली, हे माझं ठाम मत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद झाल्या. चिमण्यांच्या जागी टॉवर आले. त्यांच्या जाहिरातीत ‘शांत परिसर’ असं वाचलं की माझं डोकं फिरतं. रविवारची शांतता आम्ही भांडून मिळवली होती. ही शांतता आमची रोजीरोटी हिरावून आली.

दिवाळीच्या सुट्टीत ये. चाळीत दोन म्हातारे बुवा अजून गातात. मोबाइलवर त्यांचं गाणं टिपून ठेव. पण आधी त्यांचं गाव, गिरणी आणि खातं विचारून घे, मगच पखवाज लावायला सांग. नुसती चाल टिपलीस, तर गाणारा कोण होता हे तुझ्या मुलांना कळायचं नाही.

तुझा,
आजोबा